डाव, दैव आणि दाम

पत्त्यांना मराठी घरात दोन जागा आहेत. एक जागा उन्हाळ्याच्या सुटीतली. माजघरात सतरंजी अंथरली जाते, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे मेंढीकोट, बदामसात नाही तर झब्बू खेळतात आणि हरणाऱ्याच्या वाट्याला फार तर चेष्टा येते. दुसरी जागा वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची, अड्ड्यावर पडलेल्या छाप्याच्या बातमीतली. पत्ते दोन्हीकडे तेच बावन्न. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांच्यात तसूभरही बदल होत नाही. बदल होतो तो सतरंजीवर पैसा आल्यामुळे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याची गरज पडू नये. तथापि आपली नीतिचर्चा आणि आपला कायदा ही दोन्ही अनेक दशके निराळ्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. खेळात नैपुण्य किती आणि नशीब किती, हा तो प्रश्न.

रमी हा मुख्यतः नैपुण्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सांगितले होते. क्लबात बसून चार घटका मन रमवणाऱ्यांना त्या निकालाने दिलासा दिला, आणि तो योग्यच होता. पण पुढे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पैशांची रमी आली, तेव्हा तिनेही याच निकालाच्या सावलीत आपले दुकान मांडले. ज्या हातात एका वेळी तेरा पाने मावत होती, त्याच हातात आता बँकेचे खातेही आले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला, तो या पार्श्वभूमीवर. या कायद्याने नैपुण्य आणि नशीब यांच्या वादाला बगल दिली आणि पैसा लावून, पैसा मिळवण्याच्या आशेने जे ऑनलाइन खेळ खेळले जातात त्यांवर बंदी घातली. त्याच वेळी ई-क्रीडा आणि निव्वळ मनोरंजनाचे वा शिक्षणाचे खेळ यांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. बंदी कितपत परिणामकारक ठरेल, याविषयी मतभेद असू शकतील. पण कसोटी बदलली, हे महत्त्वाचे आहे. खेळाचा निवाडा त्यातल्या दैवावरून न करता त्यातल्या दामावरून करावा, असे या कायद्याने म्हटले आहे.

ही कसोटी किती खोलवर जाते, हे पाहण्यासाठी एका दूरदेशीच्या पत्त्यांच्या खेळाची कथा उपयोगी पडेल. त्या खेळाचे नाव ‘नेटरनर’. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. त्यातली कल्पना तोवरच्या पत्त्यांहून मूलतः भिन्न होती. बावन्न पत्त्यांचा जोड सर्वांना सारखाच असतो. येथे मात्र प्रत्येकाने आपल्या संग्रहातून पाने निवडून स्वतःची गड्डी बांधायची आणि ती घेऊन प्रतिस्पर्ध्यासमोर बसायचे. डाव मांडण्यापूर्वीच, घरच्या टेबलाशी, निम्मा खेळ खेळून झालेला असतो. याच गारफिल्डने १९९६ मध्ये विज्ञानकथेच्या भूमीवर ‘नेटरनर’ उभारला.

खेळाची मांडणी मोठी मार्मिक आहे. भविष्यकाळातल्या जगावर अजस्र कंपन्यांचे राज्य आहे. एक खेळाडू अशी कंपनी होतो आणि दुसरा तिच्या संगणकांत शिरू पाहणारा एकटा घुसखोर. दोघांचे नियम वेगळे, पाने वेगळी, किंबहुना दोघांची विचार करण्याची पद्धतच वेगळी. कंपनीला एका पाळीत तीन कृती करता येतात, घुसखोराला चार. कंपनी आपली पाने पालथी ठेवते. त्यांतले एखादे तिची मोलाची योजना असते आणि एखादे निव्वळ सापळा. त्यांच्यापुढे ती संरक्षक भिंती उभारते, पण त्याही पालथ्याच. घुसखोराने धोका पत्करून आत शिरायचे आणि पान उलटून पाहायचे. योजना हाती लागली तर गुण त्याचे. सापळा निघाला तर त्याच्या हातातली पाने झडतात, आणि झडायला पानेच उरली नाहीत की डाव संपतो. कंपनीने सात गुणांच्या योजना तडीस नेल्या तर ती जिंकते. घुसखोराने सात गुणांच्या योजना चोरल्या तर तो जिंकतो. कंपनीच्या हातातली पाने, तिची गड्डी आणि तिने टाकून दिलेली पाने या तिन्हींवर घुसखोराला धाड घालता येते. म्हणजे येथे हातातले पानही सुरक्षित नाही. ब्रिजमध्ये स्मरण लागते आणि बुद्धिबळात गणित. येथे त्या दोहोंबरोबर समोरच्याच्या मनाचा ठाव घ्यावा लागतो.

असा हा खेळ. पण त्याच्या विक्रीची रीत मात्र आक्षेपार्ह होती. पाने बंद पाकिटातून विकली जात आणि आत कोणती पाने आहेत, ते पाकीट फोडल्याखेरीज कळत नसे. सामान्य पाने पुष्कळ छापायची, मोलाची थोडी; म्हणजे हवे ते पान मिळेपर्यंत ग्राहक पाकिटे फोडत राहतो. ‘संग्राह्य पत्ते’ या व्यवसायाचा सारा पाया हा आहे. टेबलावर पत्ते पिसले जातात तेव्हा दैव दोन्ही खेळाडूंना सारखेच सामोरे येते. दुकानात मात्र ते ज्याच्या खिशात पैसा अधिक त्याच्याकडे पुनःपुन्हा वळवून घेता येते. आणि दुर्मीळ पानांचा बाजार एकदा उभा राहिला की त्याला खेळाशी देणेघेणे उरत नाही. ‘मॅजिक’च्या पहिल्या आवृत्तीतले ‘ब्लॅक लोटस’ हे एकच पान २०२१ मध्ये पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. तिकिटे किंवा नाणी जमवणाऱ्याच्या छंदाला कोणी नावे ठेवणार नाही. परंतु जमवलेल्या वस्तूच्या बळावर समोरच्याला हरवता येऊ लागले, की छंदाला पैजेचा वास येऊ लागतो. शाळकरी मुलाच्या हाती हे बंद पाकीट देताना आपण त्याच्या हाती नेमके काय देत आहोत, हा प्रश्न म्हणूनच अनाठायी नाही. संगणकीय खेळांत हेच पाकीट ‘लूट बॉक्स’ या नावाने अवतरले, तेव्हा बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशी विकत घ्यायची पेटी त्या देशाच्या कायद्यानुसार जुगारात मोडते, असा निर्वाळा दिला.

‘नेटरनर’ची पहिली आवृत्ती फार काळ टिकली नाही. २०१२ मध्ये फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीने परवाना घेऊन त्याचा पुनरवतार घडवला आणि त्या वेळी एक मोठी सुधारणा केली. पाकीट राहिले, पण त्यातले रहस्य गेले. कोणत्या पाकिटात कोणती पाने आहेत, हे आधीच जाहीर असे आणि ते सर्वांना सारखेच मिळे. दैवाची दुकानातून हकालपट्टी झाली. दाम मात्र उरला, कारण सगळी पाने हवीत तर सगळी पाकिटे घ्यावीच लागत. पुढे परवान्याचा करार संपला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. व्यवहाराच्या भाषेत खेळ मेला. तोवर जगभर पसरलेल्या त्याच्या खेळाडूंना मात्र हा मृत्युलेख मान्य नव्हता. त्यांच्यातल्या काहींनी त्याच वर्षी स्वयंसेवकांची एक ना-नफा संस्था स्थापन केली. २०२२ पासून ती ‘नल सिग्नल गेम्स’ या नावाने ओळखली जाते. ही संस्था नवी पाने रचते, नियम सुधारते, स्पर्धा भरवते. तिची छापील पाने विकत मिळतात; पण ज्याला ती परवडत नाहीत त्याने तीच पाने विनामूल्य उतरवून घ्यावीत, घरच्या छपाईयंत्रावर साध्या कागदावर छापावीत आणि खुशाल स्पर्धेला यावे, अशी मुभा आहे. लोभी कंपन्यांशी झुंजणाऱ्या एकांड्या शिलेदारांचा खेळ कंपनीने सोडून दिला आणि खेळाडूंनी उचलून घेतला, यातला विरोधाभास रंजक आहे. परंतु त्याहून लक्षणीय आहे तो या खेळातल्या दामाचा प्रवास. १९९६ मध्ये नशिबाच्या पाकिटासाठी पैसा, २०१२ मध्ये ठरलेल्या पाकिटासाठी पैसा आणि आता इच्छा असेल तरच पैसा.

या प्रवासाचे शेवटचे टोक म्हणजे ऑनलाइन स्पर्धा. ‘जिंतेकी डॉट नेट’ नावाचे एक संगणकीय टेबल या खेळाच्या चाहत्यांनीच उभारले आहे. त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे आणि तेथे खेळायला पैसे पडत नाहीत. या टेबलावर सगळी पाने सगळ्यांना उपलब्ध असतात. लक्षाधीशाच्या मुलाला जे पान मिळते तेच कारकुनाच्या मुलीला. स्पर्धेपूर्वी प्रत्येकाने आपल्या दोन गड्ड्यांची यादी आयोजकांकडे द्यायची. एक गड्डी कंपनीची, दुसरी घुसखोराची. एकदा दिलेली यादी स्पर्धा संपेपर्यंत बदलता येत नाही. लढती बुद्धिबळातल्यासारख्या स्विस पद्धतीने लागतात, म्हणजे जिंकणाऱ्यापुढे जिंकणारा येतो आणि हरणाऱ्यापुढे हरणारा. रूढ रीतीने एका लढतीत बाजू बदलून दोन डाव होतात. दुसऱ्या रीतीत फेरीला एकच डाव असतो, पण सर्व फेऱ्या मिळून दोन्ही बाजूंचे पारडे समान राखले जाते. कोणी केवळ बलाढ्याच्या खुर्चीत बसून जिंकू शकत नाही. ज्याला विजेता व्हायचे आहे, त्याला राजवाड्याचे रक्षणही करता आले पाहिजे आणि त्याला भगदाडही पाडता आले पाहिजे.

पत्ते यंत्र पिसते, त्यामुळे पिसण्यातल्या हातचलाखीला वाव नाही. दैव अर्थातच शिल्लक राहते. सुरुवातीला हाती आलेली पाच पाने निरुपयोगी असली तर ती एकदा, फक्त एकदाच, बदलून घेता येतात; त्यानंतर जे येईल ते मुकाट्याने स्वीकारून खेळायचे. नेमके पान नेमक्या वेळी न आल्यामुळे उत्तम खेळाडूही हरतो. पण ते दैव विकत घेतलेले नसते. दोघांनाही ते सारखेच लागू असते, आणि फेऱ्यांमागून फेऱ्या होत जातात तशी त्याची धार बोथट होऊन नैपुण्याची उजळते. पराभवानंतर दैवाला बोल लावण्यापूर्वी आपण कोणते पान कुठे चुकलो, हे शोधण्याची सवय अशा स्पर्धेत लागते. परीक्षेच्या निकालानंतर प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला दोष देणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही सवय लागली, तर ती काही वाईट नाही.

याहूनही लक्ष वेधून घेणारी गोष्ट म्हणजे तेथील विश्वासाचा व्यवहार. हे संगणकीय टेबल बहुतेक नियम आपणहून पाळवते. परंतु सर्वच नाही. खेळाडूला साधी आज्ञा टंकून आपल्या खात्यातली नाणी कमी-जास्त करता येतात, पाने हलवता येतात. कारण यंत्राची किंवा माणसाची चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची सोय हवी. मात्र अशी प्रत्येक कृती डावाच्या नोंदीत उमटते आणि दोघांनाही दिसते. चुकून कळ दाबली गेली तर समोरच्याला तसे सांगायचे, त्याने संमती द्यायची आणि चाल मागे घ्यायची. एकाच्या खिडकीत मध्यरात्र असते आणि दुसऱ्याच्या दुपार; दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. शेजारी कोणी बसून सल्ला देत आहे काय, हे प्रतिस्पर्ध्याला दिसत नाही. तरीही स्पर्धा पार पडतात. २०२० मध्ये महामारीने सभागृहांना कुलुपे घातली, तेव्हा या खेळाची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धाही याच पद्धतीने ऑनलाइन झाली. याचे कारण खेळाडू साधुसंत आहेत, असे नव्हे. फसवून मिळवण्याजोगे तेथे फारसे काही नाही, हे खरे कारण आहे. या खेळातली बक्षिसे मुख्यतः निराळ्या चित्रांची पाने, खेळाची चटई अशा स्वरूपाची असतात. दाम टेबलावरून उठला की त्याच्या मागोमाग कपटही बऱ्याच अंशी उठते, हा या स्पर्धांचा धडा आहे.

हे उदाहरण एकाकी असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेवर डिसायफर या कंपनीने १९९५ मध्ये काढलेला पत्त्यांचा खेळ २००१ च्या अखेरीस परवाना गेल्याने बंद पडला, तोही त्याच्या खेळाडूंच्या समितीने जिवंत ठेवला. आजही त्याचे डाव संगणकावर रंगतात. त्याच कंपनीचा ‘स्टार ट्रेक’वरचा १९९४ चा खेळ २००७ मध्ये थांबला आणि तोही खेळाडूंनी पुढे चालवला, त्याची नवी पाने घरी छापून वापरली जातात. विज्ञानकथेचा वाचक आणि प्रेक्षक ‘पुढे काय?’ हा प्रश्न विचारण्यास सरावलेला असतो. कंपनीने ‘समाप्त’ लिहिले, तरी त्याला तो शब्द शेवटचा वाटला नाही.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. खेळ रचणाऱ्याला, चित्रे काढणाऱ्याला पोट असते. सारे काही फुकट मिळावे ही अपेक्षा अखेर कोणाच्या तरी श्रमांवर उभी असते. स्वयंसेवक थकतात आणि त्यांच्या जागी नवे येतीलच याची शाश्वती नसते. शिवाय पडद्यापलीकडचा प्रतिस्पर्धी म्हणजे सतरंजीवरचा सोबती नव्हे; पान टाकतानाची त्याची घालमेल आणि डाव संपल्यावरचा चहा या गोष्टींना पर्याय नाही. फुकट टेबलालाही इंटरनेट लागते, इंग्रजी लागते आणि सर्वांत दुर्मीळ असा वेळ लागतो. तो वेळ पडद्याने गिळला तर पैसा न हरताही माणूस पुष्कळ काही हरतो. हे सारे आक्षेप खरे आहेत. पण त्यांपैकी एकही बंद पाकिटाचे समर्थन करीत नाही. कलावंताला मोबदला द्यायचा तर त्याचे पान ठरल्या किमतीला, डोळ्यांदेखत विकावे. ज्याला छापील पानाचा देखणेपणा हवा तो आनंदाने किंमत मोजेल. मोबदला आणि आमिष यांतला भेद एवढा स्पष्ट आहे.

आपल्याकडच्या पत्त्यांचे काय झाले, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे. सावंतवाडीचा गंजिफा महाराष्ट्राला ठाऊक आहे. दशावतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकशेवीस गोल पाने हातांनी रंगवली जात. ही कला लयाला जाऊ लागली, तेव्हा १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चित्रकारांना आश्रय देऊन तिला पुन्हा उभे केले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण आज ही पाने विकत घेणाऱ्यांपैकी ती खेळणारे किती, हे पाहू गेल्यास खेद वाटतो. ती चौकटीत बसवून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावली जातात. पाने वाचली, खेळणाऱ्यांची परंपरा मात्र क्षीण झाली. ‘नेटरनर’च्या बाबतीत नेमके उलट घडले. तेथे छापील पानांचा कारखाना बंद झाला आणि खेळणारे उरले. त्यांनी साध्या कागदावर पाने छापून घेतली. या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे खेळ नेमका कशात वसतो, हे समजते. तो पानात नसतो आणि पडद्यातही नसतो. तो समोरासमोर बसून, किंवा हजारो मैलांवरून, एकच नियम मानणाऱ्या दोन माणसांत असतो.

आपल्या शाळा-महाविद्यालयांनी यातून घेण्यासारखे बरेच आहे. पत्ते म्हटले की कपाळाला आठी घालायची आणि त्याच वेळी विद्यार्थ्याच्या खिशातल्या भ्रमणध्वनीवर काय चालते याकडे काणाडोळा करायचा, ही रीत सोयीची असली तरी शहाणपणाची नाही. खेळ पत्त्यांचा आहे की फाशांचा, तो कागदावर आहे की पडद्यावर, ही चौकशी दुय्यम आहे. पैसा नेमका कशासाठी द्यावा लागतो. दिलेल्या पैशाने काय मिळणार, हे आधी कळते की नाही. अधिक पैसे देणाऱ्याला डावात अधिक बळ मिळते काय. आणि हरल्यावर काय गमवावे लागते, हे चार प्रश्न पालकांनी आणि शिक्षकांनी विचारावेत. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तो खेळ ग्रंथालयाच्या एखाद्या कोपऱ्यात, स्नेहसंमेलनातल्या स्पर्धांत बुद्धिबळाच्या शेजारी बसवण्यास हरकत नसावी. आणि ती तशी नसतील, तर त्या खेळाला नैपुण्याचे कितीही मोठे प्रशस्तिपत्र मिळालेले असो, त्याला दारातूनच परत पाठवावे. सरकारने कायदा केला म्हणून समाजाची जबाबदारी संपत नाही. कायदा टेबलावरचा पैसा उचलू शकतो, पण चांगला डाव मांडून देऊ शकत नाही. ते काम खेळणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनीच करायचे असते.

फाशांचे व्यसन आपल्या परंपरेला अपरिचित नाही. ऋग्वेदातल्या एका सूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे आणि महाभारताची सारी शोकांतिका एका द्यूतसभेतून उगवते. पण त्या सभेत सर्वनाश घडवला तो केवळ फाशांनी नव्हे. फाशांना शकुनीचे कपट मिळाले होते आणि त्या कपटाला प्रलोभन होते पणाला लावलेल्या राज्याचे, भावांचे आणि पत्नीचे. पणच नसता, तर हस्तिनापुरातली ती एक कंटाळवाणी दुपार ठरली असती आणि संध्याकाळी पांडव आपल्या घरी परतले असते.